फत्तेसिंहांची फौज आणि पाण्यातला किल्ला

आमच्या आजोबांकडे गोष्टींचा साठा मोठा होता. पण त्यातली एक गोष्ट त्यांनी कधीच पुरी केली नाही. "आपले फत्तेसिंहमहाराज बाजीराव पेशव्यांबरोबर जंजिऱ्यावर चालून गेले होते," एवढं सांगून ते थांबायचे. मी विचारायचो, "मग? जिंकला का किल्ला?" की आजोबा कूस बदलायचे. "झोप आता. सकाळी शाळा आहे."

आजोबा अक्कलकोट संस्थानात कारकून होते, त्यामुळे महाराजांबद्दल वावगं बोलायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. पण मला खरी गंमत वाटायची ती वेगळीच. अक्कलकोटचा माणूस आणि समुद्र? आमच्याकडे नळाला पाणी आलं की घरात सण! पाण्यातला किल्ला म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर नळदुर्ग यायचा. तासाभराच्या अंतरावर, बोरी नदीला कवेत घेतलेला, बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल असलेला. पावसाळ्यात त्या बंधाऱ्यावरून धबधबे पडतात आणि तीच बोरी पुढे आमच्या तालुक्यात येते. आमचं पाण्याचं ज्ञान एवढंच. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगला असताना.

तर मंडळी, आजोबांनी अर्धवट सोडलेली ती गोष्ट पुरी करायचा हा खटाटोप. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी गाडी काढली आणि बायको-मुलीला घेऊन पुण्याहून मुरुडला गेलो. त्याआधी आणि त्यानंतर जमेल तसं वाचन चालू होतं. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण हाती लागलं ते इतकं चटका लावणारं होतं की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी फत्तेसिंह कोण ते सांगतो, कारण सोलापूर जिल्ह्याबाहेर हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले. वाटेत पारद नावाच्या गावी तिथल्या लोखंडे पाटलांनी त्यांना विरोध केला. लढाई झाली, पाटील मारले गेले. पाटलांच्या विधवेनं आपलं लहान मूल आणून शाहूंच्या पायांवर घातलं. शाहूंनी त्या पोराला आपल्या घरात घेतलं, आडनाव भोसले दिलं, आणि ही आपली पहिली फत्ते म्हणून नाव ठेवलं फत्तेसिंह. मूळचा राणोजी लोखंडे तो असा फत्तेसिंह भोसले झाला. पुढे त्याला अक्कलकोटची जहागीर मिळाली आणि आमचं संस्थान उभं राहिलं.

विचार करा, ज्याच्या फौजेकडून बाप मारला गेला त्याच्याच घरात हा मुलगा लेकासारखा वाढला. शाहूंचा त्याच्यावर फार जीव. १७२५ ते १७२७ च्या कर्नाटकातल्या स्वाऱ्यांवर तो होता आणि बाजीरावही बरोबर होते. फत्तेसिंहांचा बराचसा काळ साताऱ्याला शाहूंजवळच गेला. म्हणजे "अक्कलकोटची फौज जंजिऱ्यावर गेली" हे आमचं लाडकं वाक्य तितकंसं खरं नाही. गेली ती साताऱ्याच्या छत्रपतींची फौज, आणि तिच्या पुढाऱ्यांत एक नाव फत्तेसिंहांचं. पण तेवढंही काही थोडं नाही.

आता किल्ल्याकडे येऊ.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. आमच्या होडीत पंचवीसेक माणसं. सुकाणूवर एक पांढऱ्या दाढीचे चाचा होते आणि माहिती सांगायचं कामही त्यांच्याकडेच. होडी किनारा सोडते तेव्हा समोर नुसती एक काळी भिंत दिसते. दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यात तो अचानक समोर येतो. ओहोटी असो की भरती, भिंतीचा पाया पाण्यातच. चाळीस-चाळीस फूट उंचीचे तट आणि आत जवळपास बावीस एकर जागा. वर तीन मोठ्या तोफा आहेत : कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम. पण मला सगळ्यात जास्त थबकवलं ते आतल्या दोन तळ्यांनी. चारही बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याची तळी! दुष्काळी मुलखातला माणूस तोफेपुढे नाही, तळ्यापुढेच उभा राहणार.

पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, आणखी एक छोटा दरवाजा आहे. त्याला दर्या दरवाजा म्हणतात. त्याची आठवण ठेवा, पुढे लागेल.

"साडेतीनशे वर्षं आमचा किल्ला कुणाला घेता आला नाही," चाचा छाती फुगवून सांगत होते. "शिवाजी महाराजांना नाही, संभाजी महाराजांना नाही, पेशव्यांना नाही, इंग्रजांना नाही."

माझी मुलगी दहा वर्षांची. तिनं हळूच माझी बाही ओढली आणि विचारलं, "बाबा, ते 'आमचा' म्हणतात. मग आपण कोण?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही.

हा किल्ला मुळात सिद्दींचाही नव्हता. इथे आधी राजपुरीच्या कोळ्यांचा मेढेकोट होता. मेढेकोट म्हणजे लाकडी ओंडके रोवून केलेलं कुंपण, चाचेगिरीपासून बचाव म्हणून बांधलेलं. त्यांचा प्रमुख राम पाटील अहमदनगरच्या निजामशाहीला जुमानेना. मग निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, वादळाचं निमित्त करून आश्रय मागितला, कोळ्यांना भरपूर दारू पाजली आणि पिंपांत लपवलेली माणसं बाहेर काढून बेट घेतलं, असं सांगतात. पुढे १५६७ ते १५७१ च्या सुमारास बुऱ्हाणखानानं तिथे दगडी कोट बांधला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो सिद्दींच्या हाती गेला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून आलेले हबशी. कुणी गुलाम म्हणून विकले गेलेले, कुणी खलाशी, कुणी शिपाई. त्यांतलेच काही अंगच्या कर्तबगारीनं राज्यकर्ते झाले. आणि 'जंजिरा' हे नाव? अरबीतला जझीरा, म्हणजे बेट. किल्ल्याचं नाव नुसतं 'बेट'!

शिवाजी महाराजांनी १६५७ पासून जंजिऱ्यासाठी प्रयत्न केले. किनाऱ्यावरचा मुलूख घेतला, दंडा-राजपुरी घेतली. १६७० च्या सुमारास तर सिद्दी फत्तेखान किल्ला द्यायला जवळजवळ तयार झाला होता. पण त्याच्याच हाताखालच्या सिद्दींनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी पत्करली. १६७१ च्या शिमग्यात सिद्दी कासमनं अचानक हल्ला करून दंडा-राजपुरी परत घेतली. त्या रात्री दारूगोळ्याचं कोठारही उडालं. मग महाराजांनी जंजिऱ्याच्या जवळच कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधायला घेतला. त्या पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोहोचली नाही म्हणून १६७५ मध्ये महाराजांनी सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. सिद्दीनं तुम्हाला काही देऊन आपला चाकर केलं की काय, असा त्यातला रोखठोक सवाल आहे. पुढे मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटलांनी रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागची कुमक वेळेवर आली नाही आणि पहाट झाली. १६८१-८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर समुद्रातच दगड टाकून किनाऱ्यापासून बेटापर्यंत सेतू बांधायला सुरुवात केली. तेवढ्यात मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि महाराजांना मागे फिरावं लागलं.

आता १७३३.

त्या वर्षाच्या सुरुवातीला सिद्दी रसूल याकूतखान वारला आणि जंजिऱ्यात वारसाहक्कावरून भांडण पेटलं. आधी तिथे पद्धत अशी होती की सिद्दी सरदारांनी आपल्यातल्या कर्तबगार माणसाला पुढारी करायचं. आता मुलं-नातवंडं एकमेकांच्या जिवावर उठली. थोरला मुलगा मारला गेला आणि अब्दुल रहमान नावाचा वारस मराठ्यांच्या आश्रयाला आला. इतकी वर्षं बंद असलेला दरवाजा आतून किलकिला झाला होता!

शाहूंनी संधी ओळखली. बाजीराव आणि फत्तेसिंह मे महिन्याच्या सुरुवातीला राजपुरीला पोहोचले. समुद्राच्या बाजूनं सेखोजी आंग्रे यांनी आरमार घेऊन यायचं होतं. प्रतिनिधी श्रीपतराव यांनाही धाडण्यात आलं. किनाऱ्यावरची ठाणी भराभर पडली. आणि ८ जून १७३३ ला प्रतिनिधींनी रायगड घेतला. सव्वा शतकाचा नव्हे, पण ४४ वर्षांचा सल निघाला. १६८९ मध्ये मोगलांच्या ताब्यात गेलेली स्वराज्याची राजधानी परत आली.

आणि जंजिरा? तो तसाच राहिला.

आमच्या धंद्यात एखादी सिस्टीम मध्यरात्री कोसळली की दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि काय काय चुकलं ते क्रमानं मांडतात. कुणाला सुळावर चढवायचं म्हणून नाही, पुन्हा होऊ नये म्हणून. त्या बैठकीचा एक अनुभव सांगतो : कारण कधीच एक नसतं. तशी बैठक १७३३ ची घेऊन बघू.

पहिलं कारण पंचांग. कोकणात ज्येष्ठात समुद्र खवळतो तो नारळी पौर्णिमेपर्यंत. त्या दिवसांत होड्या ओढून वर घेतात, आजही जंजिऱ्याच्या फेऱ्या पावसाळ्यात बंद असतात. घाटावरच्या फौजेचं पंचांग वेगळं. तिची मोहीम दसऱ्याला सुरू होते. मे च्या सुरुवातीला राजपुरीला पोहोचणं म्हणजे हातात उरला एक महिना. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी काम हातात घेण्यासारखंच हे. आमच्याकडे मृगाची वाट चातकासारखी पाहतात. राजपुरीच्या छावणीत मात्र तोच पाऊस वैऱ्यासारखा आला असणार.

दुसरं कारण तो दर्या दरवाजा. पुढून कितीही तोफा डागा, मागचा समुद्र मोकळा असेल तर वेढा पुरा होतच नाही. वेढ्याचा अर्थच मुळी आतल्यांचं पाणी आणि दाणा तोडणं. पाणी आत तळ्यात होतं, दाणा बाहेरून येत होता. आणणारे होते मुंबईचे इंग्रज. मराठ्यांच्या हाती जंजिरा आणि कुलाबा दोन्ही गेले तर मुंबई बंदराचा गळाच आवळला जाईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना सिद्दीबद्दल प्रेम होतं असं नाही. याच सिद्दीनं १६८९ मध्ये मुंबईवर उतरून वर्षभर त्यांना किल्ल्यात कोंडलं होतं! पण व्यापाऱ्याला जुनी भांडणं परवडत नाहीत. त्यांनी जंजिऱ्याला मदत पोहोचवली आणि सिद्दीच्या ताब्यातली उंदेरी सांभाळायलाही हात दिला.

तिसरं कारण मात्र आपल्याच घरातलं. या मोहिमेचा एकच एक धनी कुणी नव्हताच. पेशवे आणि प्रतिनिधी यांचं जुनं वैर. रायगडचं श्रेय प्रतिनिधींना गेलं हे बाजीरावांना रुचण्यासारखं नव्हतं. फत्तेसिंह शाहूंचे लाडके, पण पेशवे आणि प्रतिनिधी यांना दटावायचा अधिकार त्यांच्याकडे कुठला? साताऱ्याहून शाहू पत्रांवर पत्रं धाडत होते. आणि ज्याच्या आरमाराशिवाय हे काम होणारच नव्हतं ते सेखोजी आंग्रे २८ ऑगस्टला वारले. पाऊस ओसरून समुद्र मोकळा व्हायच्या नेमक्या वेळी! त्यांच्यामागे संभाजी आणि मानाजी हे भाऊ एकमेकांशी भांडायला लागले. झालं, मराठ्यांचा समुद्रावरचा हातच लुळा पडला.

डिसेंबरमध्ये बाजीरावांनी तह केला. अब्दुल रहमानला सिद्दी म्हणून मान्यता दिली. रायगड, तळा, घोसाळा, अवचितगड, बिरवाडी हे किल्ले मराठ्यांकडे राहिले. जंजिरा सिद्दींकडे. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला लढाईत मारलं आणि सिद्दींचा किनाऱ्यावरचा जोर मोडला. पण बेट ते बेटच राहिलं.

हे सगळं मांडून झाल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. जंजिऱ्याची भिंत बाहेरून कधीच फुटली नाही. फटी पडल्या त्या आतून. कोळ्यांचा मेढेकोट पडला तो शत्रूला स्वतःच आत घेतल्यामुळे. १६७० मध्ये फत्तेखान वाकला तो आतून. १७३३ मध्ये भाऊबंदकीनं दरवाजा उघडला तोही आतून. आणि त्या उघड्या दरवाजासमोर उभे असलेले आपण? आपल्यातही तीच फट होती. दोन घरांत एकाच वेळी भांडण लागलं होतं, आणि ज्या घरात तिसऱ्याची मदत आधी पोहोचली ते वाचलं.

आणि त्या तिसऱ्याचं काय झालं ते तर आपण सगळे जाणतोच. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन विजयदुर्गात तुळाजी आंग्रे यांचा पाडाव केला. मराठ्यांचं एक अख्खं आरमार तिथे जळालं. मग पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं उरलं कोण? जंजिरा अजिंक्य राहिला हे खरं, पण ज्या समुद्राच्या जोरावर तो अजिंक्य होता तो समुद्रच हातचा गेला. पुढे सिद्दी इंग्रजांचे मांडलिक नवाब झाले. सातारा खालसा झाल्यावर आमचं अक्कलकोटही त्याच इंग्रजांचं मांडलिक झालं. ज्यांचे पूर्वज राजपुरीच्या खाडीवर एकमेकांसमोर उभे ठाकले होते त्यांचे वंशज एकाच साहेबाला सलाम करू लागले. असो.

फत्तेसिंह पुढे रघुजी भोसल्यांबरोबर १७४० च्या दक्षिणेतल्या स्वारीवर गेले. त्रिचनापल्ली हाती आली, चंदासाहेब कैद झाला. म्हणजे माणूस पराक्रमाला कमी नव्हता. १७६० मध्ये ते वारले. अक्कलकोटला मात्र आज गर्दी होते ती स्वामींच्या दर्शनाची. वटवृक्ष मंदिरासमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांपैकी किती जणांना फत्तेसिंह माहीत असतील? राजवाड्यातलं शस्त्रागार पाहायला वळणारे तर मोजकेच. मी स्वतः लहानपणी त्या तलवारी-बंदुकांसमोर उभा राहून जंजिऱ्याला गेलेली तलवार यातली कुठली असेल असा विचार करायचो. ती यात असेल-नसेल, पण तलवारीनं जो किल्ला घेता येत नाही त्याच्यासमोर ती तलवार सहा-सात महिने उभी होती, हे आता कळतं.

परतीच्या होडीत मी चाचांना सांगितलं, "चाचा, आम्ही अक्कलकोटचे. आमचे महाराज आले होते हा किल्ला घ्यायला, पेशव्यांबरोबर."

त्यांनी डोळे मिचकावले. "मग? मिळाला का?"

"नाही मिळाला."

"चला, आता तिकीट काढून मिळाला ना!" म्हणाले, आणि सगळी होडी हसली. मग जरा वेळानं, शीड सोडता सोडता, आपणहून म्हणाले, "आमचे आजोबा नवाबाच्या नोकरीत होते. संस्थान गेलं तेव्हा ते लई रडले म्हणे."

मी गप्पच झालो. कारण आमच्या घरीही हीच गोष्ट सांगतात. मार्च १९४८ मध्ये अक्कलकोट संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्या संध्याकाळी आजोबा कचेरीतून आले ते जेवले नाहीत, असं आजी सांगायची. आणि जंजिरा संस्थान विलीन झालं तेही त्याच महिन्यात, त्याच मुंबई प्रांतात. २१५ वर्षांपूर्वी फत्तेसिंह ज्या दरवाजासमोरून मागे फिरले तो दरवाजा शेवटी एका सहीनं उघडला, आणि त्याच वेळी आमच्या राजवाड्याचाही. सोलापूरकडच्या एका कारकुनानं आणि मुरुडकडच्या एका चाकरानं एकाच महिन्यात आपापल्या घरी डोळे पुसले. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

आजोबांनी गोष्ट अर्धवट का सोडली ते मला आता थोडंसं समजतं. मला वाटायचं की हरल्याची लाज वाटत असेल. आता वाटतं, त्यांना शेवट सांगायचा तर तो १७३३ पाशी थांबत नव्हता, थेट त्यांच्या स्वतःच्या कचेरीपर्यंत येत होता. आणि नातवाला झोपवताना कुणी तो शेवट सांगत नाही.

धक्क्यावर उतरल्यावर मुलीनं पुन्हा विचारलं, "बाबा, मग आपण कोण? जिंकलो की हरलो?"

मी तिला म्हटलं, "आपण रायगड जिंकलो, जंजिरा हरलो. आणि आता दोन्ही आपलेच आहेत. त्या चाचांचेही."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. तिनं मागे वळून किल्ल्याकडे पाहिलं. इतक्या लांबून दरवाजा पुन्हा दिसेनासा झाला होता.